कातळावरचा मुरघास

हिरव्या मक्याची कुट्टी हवाबंद पिशवीत दाबून ठेवली की मुरघास होतो, आणि उन्हाळ्यात आमच्या विंझरला गुरं त्याच्यावरच निघतात. माझ्या पिशव्या जांभळीच्या सावलीत होत्या. शेजारीच वेगळ्या राहणाऱ्या धाकट्या दिराला ती सावली नव्या गाडीसाठी हवी होती. गेल्या वर्षी मी माहेरी गेले तेव्हा त्याने पिशव्या उचलून उघड्या कातळावर टाकल्या. जाब विचारला तर हसला. "वहिनी, प्लॅस्टिकला काय ऊन लागतंय व्हय?"

पिशव्या उघडल्या तर आत नुसती बुरशी. भोक एकही नव्हतं. गुरांचे डॉक्टर म्हणाले, हे प्लॅस्टिक दोन-तीन जातींचं मिसळून करतात. गार असलं की हवा अडवतं, तापलं की सैल पडतं आणि हवा आत झिरपते. मुरघास उकिरड्यावर गेला, म्हैस आटली. डॉक्टरांचं बोलणं मी कोणालाच सांगितलं नाही.

यंदा माझ्या पिशव्या गोठ्यात सावलीला होत्या. दिरानेही मुरघास केला. जांभळीखाली गाडी, म्हणून त्याच्या पिशव्या कातळावर. भांडी घासताना त्या उन्हात चकाकताना दिसायच्या, आणि माझी भांडी लख्ख निघायची.

वैशाखात एका सकाळी तो माझ्या गोठ्यात आला. "वहिनी, समदा मुरघास नासला. पिशवीला भोक न्हाई, मग झालं कसं?"

मी आधी म्हशीपुढे घमेलंभर मुरघास ओतला. त्याचा आंबूस-गोड वास दिराच्या नाकात जाऊ दिला. मग म्हणाले, "कुणास ठाऊक, भाऊजी. प्लॅस्टिकला काय ऊन लागतंय व्हय?"