मेडल आधी आईच्या गळ्यात

आमच्या कॉलेजच्या मुलींना पळायला शिकवणाऱ्या मॅडमचा एक नियम होता. मेडल मिळालेल्या मुलीने घरी जाऊन ते आधी आईच्या गळ्यात घालायचं. ते बघायला मॅडम स्वतः दुर्गहून स्कूटरवर यायच्या. मला हा सगळा तमाशा वाटायचा.

माझं पहिलं मेडल रिलेमधलं, कांस्य. आम्ही कॅम्प-१ वस्तीतल्या घरी पोचलो तेव्हा आई कणीक मळत होती. तिने मान मागे घेतली. "मले कावून? मी कुठं धावली?"

"ही सकाळी ग्राउंडवर राहते, तवा हिच्या वाट्याचं पानी कोन भरते?" मॅडमनी विचारलं. आईने मान पुढे केली.

त्या पळण्यावरच पुढे मला रेल्वेत नोकरी लागली. मॅडमचे हे उपकार मी विसरलेले नाही.

यंदा त्या रिटायर झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला मी आईलाही नेलं होतं. पाहुण्यांनी मॅडमच्या कोणत्या मुली नॅशनलला गेल्या, कोण कुठे नोकरीला लागली, ते सगळं वाचून दाखवलं. मग मॅडम माइकपाशी आल्या. "हे ज्यांनी केलं, त्यांनी जरा उभं राहा," एवढंच म्हणाल्या.

आम्ही जुन्या खेळाडू लाजत लाजत उठू लागलो. मी शेजारी पाहिलं. गुडघ्यांनी बेजार झालेली माझी आई खुर्चीला धरून माझ्याआधीच उभी राहिली होती.

मी परत खाली बसले.