ट्रॅक डे, एक अर्धचंद्र कमी

शनिवारी सकाळी मी नागपूरजवळच्या वाडीतल्या माझ्या गॅरेजचं शटर वर केलं आणि आतल्या गाडीने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. दोन हेडलाइट, त्यांवर दोन डोळे. काळेभोर, लांब पापण्यांचे, कोपऱ्यात लाल रेघ ओढलेले. बॉनेटवर कमळ. दोन्ही दारांवर मोर. आरशांना काळे गोंडे. मी शटर खाली ओढलं, समोरच्या टपरीवर जाऊन चहा प्यायलो आणि पुन्हा उघडलं. मोर तिथेच होते.

गाडी डॉक्टरसाहेबांची. रामदासपेठेतले हाडांचे डॉक्टर, आता रिटायर झालेले. त्यांनी तरुणपणी घेतलेली ही विलायती स्पोर्ट्स कार. दोनच सीट, वर छप्पर नाही, गर्द हिरवा रंग, चाकांना सायकलसारख्या तारा. वीस वर्षं पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, तिला ट्रॅक डेला जायचं होतं.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बंद रस्त्यावर, हेल्मेट घालून, आपापली गाडी पाहिजे तेवढी पळवायचा दिवस. बक्षीस काही नाही. पण आत सोडण्याआधी गाडीची तपासणी होते, तिला स्क्रूटिनी म्हणतात. त्यात नापास झालात की कुंपणाबाहेरून बघत बसा.

डॉक्टरसाहेबांना नापास होणं परवडणारं नव्हतं. त्यांच्या बाईंनी अट घातली होती. पुण्याचा एक हॉटेलवाला ही गाडी लॉबीत शोभेला ठेवायला मागत होता. बाई मला म्हणाल्या होत्या, "वासुदेवराव, वीस वर्षं या सवतीने माझ्या कपड्यांच्या दोरीची जागा अडवली आहे. रविवारी ट्रॅकवर धावली तर राहू दे. नाही धावली तर सोमवारी पुण्याला." डॉक्टर बाजूलाच बसले होते. गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिले. मला त्यांची दया आली आणि मी नको तेवढं छातीठोकपणे सांगून बसलो, "धावेल."

दोन महिने खपलो. ट्रॅकवर ब्रेक सारखे दाबावे लागतात, ते इतके तापतात की साधं ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल नुसतंच खाली जातं. म्हणून जास्त उष्णता सोसणारं ऑइल भरलं, पॅड बदलले. टायर दिसायला नवे, पण इतके जुने की रबराचं लाकूड झालेलं. तेही बदलले. तारांच्या चाकांना आठ दिवस लागले. आमचं घराणं विणकरांचं, बाप उमरेडला मागावर बसायचा. ताण्याचा धागा ढिला आहे की ताठ, हे तो बोटाने छेडून सांगायचा. मी चाकाची एकेक तार पान्याने वाजवून तशीच ताणली. टण्ण वाजली की बरोबर, थप्प वाजली की सैल. हे काम मला या धंद्यातलं सगळ्यात आवडतं काम आहे, आणि ते मी मन लावून केलं.

शुक्रवारी फक्त खुणा राहिल्या होत्या. दारांवर नंबर. गाडी बंद पडली तर ओढायचा टो हुक आणि आग लागली तर बंद करायचा बॅटरीचा स्विच, हे दोन्ही लांबून दिसतील अशा खुणा. हेडलाइटवर टेप, म्हणजे काच फुटली तर ट्रॅकवर सांडत नाही. टेप मी लावली होती. पण त्याच दिवशी उमरेडला चुलतभावाच्या मुलीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. मी घाईघाईत चिठ्ठी लिहिली, किल्लीसोबत शेजारच्या शंकर पेंटरकडे दिली आणि बस पकडली. शंकर पेंटर माझ्याहून मोठा. उभी हयात वाडीत ट्रक रंगवण्यात गेलेली.

तर शनिवारी मी त्याला बोलावलं. तो हात पुसत आला, खुशीत होता.

"शंकरभाऊ, हे काय करून ठेवलं गा?"

"काहून? आवडलं नाही का?"

"मी नुसता नंबर टाकाले सांगतलं होतं."

"टाकला ना. मोराच्या पोटावर पाह्य."

पाहिलं. मोराच्या पोटावर सत्तावीस होता. सुबक होता, तेही कबूल करायला हवं.

"अन् बाकीचं कोणी सांगतलं?"

त्याने खिशातून माझीच चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. मी वाचली. "रविवारी ट्रक डे आहे. दारांवर २७ नंबर. टो हुक, बॅटरी स्विचवर मोठी खूण. बाकी ट्रक डेला लागतं तसं, तू समजून घेशीलच."

ट्रक डे. दोन्हीकडे. बस सुटेल या घाईत ट्र वरचा अर्धचंद्र द्यायचा राहिला होता.

"मी समजून घेतलं ना," शंकर म्हणाला. "पोळ्याले बैल सजवते, तसा ट्रक डे म्हणजे ट्रकाचा पोळा. आयुष्यभर राबते बिचारे, त्यायलेही एक दिवस पाहिजेच."

"पण हा ट्रक दिसून राहिला का तुले?"

"नाही ना. मीही तासभर इचार करून राहिलो, एवढीशी गाडी ट्रकाच्या पोळ्यात कशाले जाईन? मंग उमगलं. मोठ्या ट्रकाचा पोळा, अन् ह्या लहानग्याचा तान्हा पोळा."

आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. त्यातले निम्मे लाकडी बैल दरवर्षी शंकरच रंगवतो. माझ्या चिठ्ठीतून त्याने काढलेला अर्थ चुकीचा होता, पण बिनबुडाचा नव्हता.

मी मागच्या बाजूला गेलो. तिथे आणखी होतं. मधोमध "हॉर्न ओके प्लीज". त्याखाली "हम दो हमारे दो". आणि कोपऱ्यात, ट्रकच्या पाठीवर असतं तसं, "स्पीड ४० कि.मी."

टर्पेंटाइनचं फडकं घेऊन मी कमळाची एक पाकळी पुसायला गेलो. फडक्यावर गुलाबी रंग आला आणि मागोमाग जुना हिरवाही. तिथेच थांबलो. कमळ पुसायचं तर बॉनेटही पुसून जाणार होतं.

दुपारी डॉक्टरसाहेब आले. वॉर्डात राउंड घेतात तसे गाडीभोवती दोनदा फिरले.

"हे कोणी केलं?"

शंकर पुढे सरकला. मी त्याला मागे ओढलं. "मी, साहेब. अक्षर माझं होतं."

त्यांनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. "वासुदेवराव, उद्यानंतर मला तुमचं तोंड दिसता कामा नये."

"आणि उद्या?"

"उद्या यावंच लागेल. ब्रेक तुम्ही बसवले आहेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन महिन्यांची मेहनत, वीस वर्षांची ताडपत्री, आणि या सोंगात स्क्रूटिनीत नापास होऊन सगळं एका चंद्रकोरीपायी पुण्याच्या लॉबीत जाणार.

रविवारी मी आणि शंकरने गाडी ट्रेलरवर चढवून पारशिवनीकडे नेली. तिथे एका बंद कारखान्याचा, गाड्या तपासायचा जुना ट्रॅक आहे. ट्रेलर रस्त्याने जाताना दोन ट्रकवाल्यांनी आमच्या गाडीला हात केला. डॉक्टर आणि बाई मागून दुसऱ्या गाडीने आले. बाईंनी मोर पाहिले, कमळ पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. रडतात की हसतात, मला कळेना. विचारायची हिंमत नव्हती.

तपासणीला एक साहेब होते. हातात पॅड, गळ्यात शिट्टी, चेहरा असा की घरचं लग्नही तपासून घेतील. आमच्यापुढच्या तीन महागड्या गाड्या त्यांनी परत पाठवल्या, टो हुकच्या खुणेचा स्टिकर लहान म्हणून. मग आमच्यापुढे येऊन उभे राहिले.

"हेडलाइटला टेप आहे?"

"आहे. डोळे टेपवरच काढले आहेत."

त्यांनी नखाने पापणी खरवडून पाहिली. टेप होती. ब्रेक दाबून पाहिले, चाकं हलवून पाहिली, खाली वाकून तेल गळतं का ते पाहिलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. टो हुकपाशी शंकरने हातभर लांबीचा लाल बाण काढला होता, त्याभोवती झेंडूची माळ. बॅटरीच्या स्विचभोवती ज्वाळा.

"ही खूण मला गेटपासून दिसत होती," साहेब म्हणाले. मग मागे गेले. "स्पीड चाळीस. ही गाडीची क्षमता आहे का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "ती आमच्या घरची अट आहे."

साहेब हसले नाहीत. "लोंबणारी वस्तू चालत नाही. गोंडे काढा. खालची लिंबू-मिरचीही काढा. बाकी पास."

लिंबू-मिरची मला माहीतच नव्हती. शंकरने ती बंपरच्या आत बांधली होती. त्याने स्वतः सोडली आणि मला म्हणाला, "निंबू काढला. आता काही झालं तर माह्यावर नको येऊ."

डॉक्टर ट्रॅकवर गेले. गाडी पहिल्या वळणातून अशी निघाली की मी कुंपणावर वाकून बघू लागलो. इंजिन साफ वाजत होतं. दुसऱ्या फेरीला मागून नव्या गाड्या जवळ आल्या, आणि हॉर्न सुरू झाले. ट्रॅकवर हॉर्न वाजवायचा नसतो, सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं. पण समोर "हॉर्न ओके प्लीज" दिसलं की या देशात हात आपोआप जातो. एकाने वाजवला, मग पाचांनी. तपासणीवाले साहेब शिट्टी फुंकत कुंपणापर्यंत धावले. ट्रॅकचा अमरावती रोड झाला.

डॉक्टर घाबरून आत आले. "काय पडलं? काय पडलं माझ्या गाडीचं?"

"काही नाही, साहेब. मागे लिहिलंय ते वाचून राहिले लोक."

ते हेल्मेट काढू लागले. "बस झालं. पुष्कळ झालं."

"उतरू नका," बाई म्हणाल्या. त्या माझ्या बाजूला येऊन उभ्या होत्या. "शेवटच्या फेऱ्यांना सोबत बसू देतात ना, वासुदेवराव?"

देतात. हेल्मेट बसेना, म्हणून बाईंनी अंबाडा सोडला. पदर खोचला, बेल्ट मी लावून दिला. बसता बसता म्हणाल्या, "हमारे दो कुठे बसायचे होते, ते त्या पेंटरला विचारा." तेव्हा मला कळलं की सकाळी त्या हसतच होत्या.

पाच फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला हॉर्न वाजले आणि प्रत्येक फेरीला बाईंनी डावा हात वर केला. खाली उतरल्यावर त्यांनी आधी केस बांधले, मग पर्समधून फोन काढून पुण्याला लावला. "गाडी चालू आहे," त्या म्हणाल्या. "चालती गाडी लॉबीत काय करणार?" डॉक्टर लांब जाऊन उभे राहिले आणि चष्मा पुसत राहिले. धूळ फारशी नव्हती.

कपड्यांची दोरी आता गच्चीवर गेली आहे. मोर डॉक्टरांनी पुसू दिले नाहीत. माझं तोंड त्यांना दिसता कामा नये होतं, ते दर महिन्याला सर्व्हिसिंगच्या दिवशी दिसतं. शंकर पेंटरला मात्र ते हटकून विचारतात, यंदा तान्हा पोळा कधी आहे.

धंद्यातली शिकवण म्हणाल तर एकच. चिठ्ठी लिहिताना अर्धचंद्र द्यायला विसरू नये. नाही तर गिऱ्हाईकच तो आपल्या मानेला देतं, आणि दर वेळी मधे मोर पडेलच असं नाही.