ते सॉफ्टवेअर कुणी निवडले

“वृंदाने गाइडना न विचारता भलतेच सॉफ्टवेअर घेतले आणि हातचा प्रबंध घालवला.” उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळींत हे इतक्या वेळा बोलले गेले आहे की आता कुणाला शंकाही येत नाही. परवा माधवनगरात एका मुंजीच्या पंगतीत माझे जुने सहकारी करंदीकर पुन्हा म्हणाले, “अहो, सरांनी मना केलं होतं. पण पोरगी ऐकेल तर ना! चार बटणं काय दाबता आली, गाइडचीच गाइड व्हायला निघाली.” मंडळी हसली. तो गाइड मी — मी श्रीखंड खात राहिलो.

यापुढचे मी कुणाजवळ बोललेलो नाही. पत्नीजवळही नाही.

करंदीकरांचे म्हणणे मला साफ नामंजूर आहे. सॉफ्टवेअर भलते नव्हते. विषय भैरवगढची कापडछपाई. कोणत्या रंगाऱ्याने काय सांगितले याच्या तळटीपाच शेकडो. एक काढली की पुढच्या साऱ्यांचे क्रमांक ते सॉफ्टवेअर आपोआप सुधारी. गाइडने फक्त प्रकरण आपल्या संगणकावर उघडायचे आणि समासात शेरे लिहायचे. मला ते उघडता येत नव्हते — एवढेच. मग विचारले का नाही? विभागप्रमुखाने विद्यार्थिनीला विचारायचे? ज्याने जन्मभर इतरांच्या अज्ञानाची टर उडवली, त्याने?

मी न वाचताच फोनवर सांगत राहिलो — छान आहे, पुढे लिही. प्रबंध सादर करायची वेळ आली तेव्हा मात्र घाबरलो. छापील प्रत मागावी, तर आजवर एकही पान पाहिले नाही हे उघड होणार. म्हणून म्हणालो, विद्यापीठाला हे सॉफ्टवेअर चालत नाही. नेहमीच्या टायपिंगवाल्याकडून सगळे नव्याने टाइप करून आण.

असा नियम नव्हता. तो मी बोलता बोलता केला.

नव्या टायपिंगमध्ये टिपांचे क्रमांक सरकले. एकाचे शब्द दुसऱ्याच्या नावावर गेले. मी चाळले, सही केली. परीक्षकांनी संदर्भ विश्वासार्ह नाहीत म्हणून प्रबंध परत पाठवला. तिने तो पुन्हा दिला नाही. आता नानाखेड्याला शिकवण्या घेते. वाटेत भेटली तर “सर, तब्येत?” एवढेच विचारते. माझ्याविरुद्ध अक्षर काढले असते, तर ते माझ्या कानी आलेच असते — आपले लोक काय पोटात ठेवतात?

थकलो आहे. पण वाद अर्धा सोडण्याची मला सवय नाही. “गाइडना न विचारता” — करंदीकर, तुमचे सारे याच शब्दांवर उभे आहे ना? लिहायला घेण्यापूर्वी वृंदा लॅपटॉप घेऊन माझ्या घरी आली होती. सगळे उघडून दाखवल्यावर तिने विचारले, “सर, तुम्हाला हे चालेल ना?”

मी म्हणालो, “चालेल.”