गैरहजर पेशी

अड्यारच्या एका संशोधन संस्थेत मी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवते. लोकांना ऐकून धसका बसतो, पण काम तसं घरगुतीच. पेशींना वेळेवर खायला घालायचं, उबेत ठेवायचं, त्यांचं भांडं स्वच्छ राखायचं. स्वच्छतेत मला कोणी हरवणार नाही. सांगलीला आईने मला घासूनपुसूनच वाढवलंय.

साधी पेशी बिघडली की आपणहून गाशा गुंडाळते. कॅन्सरच्या पेशीत मात्र काही प्रथिनं दारात अडून बसतात आणि तिला मरूच देत नाहीत. त्या प्रथिनांना गप्प करणारं एक रसायन आम्ही तपासत होतो.

त्याच वर्षी माझ्या सासऱ्यांना, अप्पांना, फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. जन्मात विडीला हात न लावलेला माणूस! मैलापूरच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. घराणं तंजावरकडचं, मराठी जुनी आणि वर तमिळ हेल. माझ्या बोलण्याला ते ‘बातम्यांतली मराठी’ म्हणायचे. डॉक्टरांनी त्यांना रोज एक गोळी दिली होती. तिने तोंडात फोड यायचे, पोट बिघडायचं. नवरा श्रीपेरुंबुदूरला कारखान्यात, त्यामुळे संध्याकाळची कॉफी आम्ही दोघंच घ्यायचो.

“काय म्हणतात तुझ्या पेशी?” एकदा त्यांनी विचारलं.

“काय म्हणणार? औषध पाजून तीन आठवडे झाले, एक मरेल तर शपथ. मजेत आहेत मेल्या.”

“सरी,” म्हणजे ‘बरं’, एवढंच म्हणून त्यांनी कॉफी संपवली.

पुढच्या रविवारी त्यांचं कपाट आवरताना त्या आठवड्याची गोळ्यांची पट्टी सापडली. एकही गोळी कमी नव्हती. मी भडकलेच.

“अप्पा, हे काय? आठवडाभर गोळी नाही?”

“तूच म्हणालीस ना, पेशी मरत नाहीत. मग पोट कशाला नासवून घेऊ?”

“अहो, ते औषध वेगळं, तुमचं वेगळं!”

“काम एकच ना दोघांचं? तुझ्या काचेत होत नाही ते माझ्या छातीत कसं होईल?”

गणिताच्या मास्तरांशी कोण वाद घालणार! नवऱ्याने फोनवर समजावलं, डॉक्टरांनी रागावून पाहिलं. अप्पा हलले नाहीत. माझ्या एका वाक्याने हा माणूस औषध सोडून बसला होता, आणि मला रडू येत होतं.

मंगळवारी प्रयोगशाळेत आमच्या मॅडम सहज माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी नेहमीसारखं फ्लास्कमधलं, पेशींच्या खाण्याचं गुलाबी पाणी ओढून टाकलं, तळाच्या पेशी दोनदा धुतल्या आणि मोजायला घेणार, तेवढ्यात त्या ओरडल्या, “अय्यो! काय फेकलंस ते?”

“जुनं पाणी. गढूळ होतं.”

“गढूळ कशाने होतं?”

जिवंत पेशी तळाला चिकटून असतात. मेलेली पेशी सुटते आणि वर तरंगते. हे मी नव्या मुलींना शिकवते! आणि महिनाभर मीच मेलेल्या पेशी धुऊन फेकत होते, उरलेल्या जिवंत तेवढ्या मोजून ‘कोणी मेलंच नाही’ असं लिहीत होते. चांगलंच शेण खाल्लं होतं मी.

प्रयोग पुन्हा लावला. या वेळी तरंगणारं सगळं वेगळ्या नळीत गोळा केलं. त्या नळीत मेलेल्या पेशी ढिगाने निघाल्या. तशीच रिक्षा करून घरी गेले आणि चप्पल काढायच्या आत अप्पांना सगळं सांगितलं.

ते बराच वेळ हसले, मग खोकले, मग म्हणाले, “म्हणजे गैरहजर मुलांची नावं तू पटावरूनच खोडलीस आणि सांगितलंस, वर्ग पूर्ण भरलाय!”

“हो.”

“आणि तळाला अजून चिकटून आहेत त्या?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. “आहेत, अप्पा. सगळ्या नाही मरत. आणि तुमची गोळी वेगळी आहे, हे परत सांगते.”

“आता बरोबर मांडलंस,” ते म्हणाले. “पाणी आण, गोळी घेतो.”

त्यानंतर त्यांनी एकही गोळी चुकवली नाही. पुढच्या मार्गळीत, म्हणजे डिसेंबरातल्या गाण्यांच्या महिन्यात, आम्ही दोघं सभेत गाणं ऐकायला गेलो, मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये डोसाही खाल्ला. त्याच्या पुढच्या मार्गळीत ते नव्हते.

तोवर रोज संध्याकाळी, मी दारात पाऊल ठेवलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, “आज गैरहजर किती?”

माझ्या वहीत तरंगणाऱ्या पेशींच्या रकान्यावर अजून तोच शब्द आहे. घरी आले की आता कोणी विचारत नाही. मी कॉफी ठेवते आणि त्यांच्या खुर्चीकडे बघून आकडा सांगते.