नजीराचे तीस रोजे

नजीरा,

तुला वाचता येत नव्हतं, आणि असलीस तरी आता ऐंशीची असशील. तेव्हा हे पत्र तुला पोचेल अशा भ्रमात मी नाही. तरी तुलाच लिहिते, कारण तुझ्याबद्दल तिसऱ्या माणसाशी मी बोलले, त्याचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे.

इतरांसाठी सांगून टाकते. तू करीम पिंजाऱ्याची विधवा भावजय. नवरा मानमोडीच्या साथीत तीन दिवसांत गेला, त्याला अडीच वर्षं झाली होती. पदरी सहा वर्षांची कुलसुम, डोक्यावर सासू बिबीजान. माझ्या थोरल्या भावाचं लग्न ठरलं आणि पावसाच्या आत गाद्या शिवून घ्यायच्या म्हणून आईनं तुम्हाला बोलावलं. खाली पडवीत करीमची कापूस पिंजायची धनुकली चालायची, वर माडीवर तू खोळी भरून टाके घालायचीस. रमजान होता, वैशाखातला. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची सुट्टी खात घरी पडलेली. वय एकोणीस, आईच्या मते लग्नाचं टळलेलं, आणि माझ्या मते साऱ्या पेठेत शहाणी मी एकटीच.

आमच्या माडीला अकरा पायऱ्या. तू पाचवीवर बसायचीस, मग नववीवर.

"एवढ्यात दमलीस?"

"दम न्हाय ताईसाब. डोळ्याम्होरं काळं येतंय."

"उपासानं असेल."

"रोज्याच्या आदीपास्नं हाय की."

मला ते पटलं नाही. कामचुकार, असा मी शेरा मारला. सुई कापडात टोचलेली राहायची आणि तू तिच्याकडे बघत बसायचीस. भर दुपारी एकदा वर आले, तर तू अर्ध्या भरलेल्या गादीवर आडवी, केसांत कापूस, तोंड उघडं. आईनं तेवढ्यात पाहिलं.

"नवरीच्या गादीवर रांडव निजली! उसव ती खोळ. सगळा कापूस काढ आणि नव्यानं भर."

तू दीड दिवस उसवत होतीस. कात्री सारखी खाली टाकत होतीस. मला वाटलं, रागानं.

त्यानंतर मी तुझ्यावर नजर ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं, माझी मीच. आमच्या परसातल्या चुलीची मागची कड झिजत होती आणि आई घुशीला शिव्या देत होती. एका संध्याकाळी बांग झाली, तू पाण्याचा घोट घेतलास, इकडे तिकडे पाहिलंस, चुलीची भाजलेली माती नखानं उकरलीस आणि तोंडात टाकलीस. कर्रर वाजली. पेढा खावा तसे डोळे मिटलेस.

मी हसत हसत आईला सांगायला गेले. घूस सापडली म्हणून.

आई हसली नाही. "माती खाते? नीट बघितलंस?"

"अगदी नीट."

"विधवा बाई. घेरी येते, जिथं टेकेल तिथं निजते, आणि आता माती. तुझ्या कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं."

डोहाळे! मला तोवर सुचलंच नव्हतं. पण एकदा कानावर पडल्यावर मला तुझं पोट दिसायला लागलं. सपाट होतं. तरी दिसायला लागलं.

बिबीजान कुलसुमला घेऊन तुला न्यायला आली तेव्हा आईनं तिला बाजूला घेतलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"बाईसाब, आमच्यात बाईमानसाचं चार-पाच रोजं सुटत्यातच. तसल्या दिवसांत धरायचाच न्हाय रोजा. हिचं आज सव्वीस झालं, एक बी सुटला न्हाय." आणि आईचं तिला पटलं.

त्या महिन्यात विटाळ आलाच नाही म्हणून तू सगळे रोजे धरलेस. खोटं सांगून चार सोडले असतेस तर वाचली असतीस.

मग कोण, कोण, म्हणून गल्ली लागली मागे. कुणीतरी करीमचंच नाव घेतलं, आणि त्या क्षणापासून सगळ्यांत मोठ्यानं करीम ओरडू लागला. तुला हातकणंगल्याला बापाकडे पोचवायचं, कुलसुमला ठेवून घ्यायचं, असं त्यानं ठरवलं. ईद झाली की लगेच.

दुसऱ्या दिवशी तू पाचव्या पायरीवर मला गाठलंस. "ताईसाब, माज्या पोटात काय न्हाय. पोरीची आन हाय. तुमी शिकलेल्या. मला दवाखान्यात घिऊन चला."

गेलो आपण. डॉक्टरीण बाई तुसडी होती, मला आवडली. तिनं तुझी पापणी खाली ओढली, आतला भाग पांढराफटक. नखं पाहिली, चमच्यासारखी खोलगट. पोट दाबून दाबून तपासलं. मग माझ्यावरच खेकसली.

"हिला दिवस गेलेले नाहीत. हिच्या अंगात रक्त नाही, लोह नाही. विटाळ यायचा कुठून? माती मागतं ते अंगच मागतं. ही चालते कशी, हेच मला कळत नाही."

काळं औषध दिलं, काचेच्या नळीनं प्यायचं, नाहीतर दात काळे होतात. आणि एक कागद लिहून दिला, इंग्रजीत, खाली सही.

तू तो कागद दोन्ही हातांत धरलास. घरापाशी आलो तेव्हा माझ्या हातात दिलास.

"सासूम्होरं वाचून दावा. माजं कोन ऐकतंय? तुमी वाचलासा तर ऐकंल. उद्या येतासा?"

"उद्या येते."

पिंजाऱ्यांची गल्ली आमच्या दारापासून तीन वळणं.

मी गेले नाही, नजीरा. आईनं लग्नघरातून हलू दिलं नाही, हे मी लोकांना सांगत असे. खरं ते ऐक. कागद वाचायचा म्हणजे ही गोष्ट माझ्या तोंडून निघाली हे तुझ्या साऱ्या गल्लीसमोर आलं असतं. आणि दुसरं त्याहून वाईट. मला डॉक्टरणीचाही संशय आला. बाईनं बाईला झाकलं असेल, असं वाटलं. नखं, पापणी, सगळं माझ्या डोळ्यांनी पाहूनसुद्धा! कागद लॉजिकच्या पुस्तकात ठेवला आणि उद्या, उद्या करत राहिले. ईदच्या तिसऱ्या दिवशी करीमनं तुला टांग्यात घातलं. कुलसुम दारात रडत होती, असं आमच्या मोलकरणीनं सांगितलं.

दिवाळीत बिबीजान उशीचं माप घ्यायला आली. तुला मूल झालं नव्हतं, होणारही नव्हतं, हे एव्हाना हातकणंगल्याहून कळलं होतं. मी विचारलं, "गेल्या साली नजीरानं किती रोजे सोडले होते?"

"गेल्या साली बी तीस धरलंती की. लई धर्माची वाटली मला तवा."

"म्हणजे रमजान ते रमजान बारा महिने झाले. बाई बारा महिने पोटुशी राहते का?"

म्हातारीनं पुन्हा बोटांवर मोजलं. वाटलं, समजलं. मग म्हणाली, "मंजी दोन येळा. दोनी बार पाडलं आसंल."

मी तेव्हाही कागद काढला नाही. उपयोग काय, म्हटलं. उपयोग नसेलही. पण ते ठरवायचं काम तू मला दिलं नव्हतंस. वाचायचं दिलं होतंस.

पुढं वीस वर्षांनी शाहूपुरीत गादी भरायला टाकली. दुकानात एक बाई टाके घालत होती. तोच मोठा टाका, तीच मान एका बाजूला. दोन टाक्यांमध्ये सुई टोचून ठेवून तिनं श्वास घेतला तेव्हा मी नाव विचारलं. कुलसुम.

"आईला वळखत हुतासा तुमी?" तिनं विचारलं. "आमच्या घरात तिचं नाव काडत न्हाईत. काय केलंतं तिनं?"

म्हातारी मेली होती, करीमही. अडवणारं कुणी नव्हतं. मी तिच्या नखांकडे पाहिलं. तीही खोलगट.

"काही केलं नव्हतं," मी म्हणाले. "घरी एक कागद आहे. उद्या आणून वाचून दाखवते."

गादी गड्याकरवी मागवून घेतली. कागद माझ्याकडेच आहे.