वर गेलं की पेटणारा लाल दिवा

विमानाच्या हँगरमध्ये काम केलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत. कपड्यावरच्या ऑइलसारखे ते आपोआप साचतात, आणि कितीही धुतलं तरी जात नाहीत! दुष्काळाच्या त्या वर्षी पाऊस पाडण्यासाठी ढगांवर फवारणी करणारं एक छोटं विमान चिकलठाण्याच्या विमानतळावर आलं होतं. मी त्याचा इलेक्ट्रिशियन. त्या एका विमानानंच मला किती तरी किस्से दिले.

*

बिघाड एकच होता. विमान वर चढायला लागलं की चार्जिंगचा लाल दिवा पेटायचा. म्हणजे अल्टरनेटर वीज देईना, सगळा भार बॅटरीवर. खाली उतरलं की दिवा गप्प! बॅटरी बदलली, रेग्युलेटर बदलला, मीटर लावून वायरी तपासल्या. सगळं ओके.

आमचे मेकॅनिक शेखभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "जमीन पे शरीफ, ऊपर गया तो बदमाश! इसको पकडेंगे कैसे मियाँ?"

इकडं ढग येत होते आणि न बरसता जात होते.

*

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत नव्या बिल्डिंगा उठत होत्या, पण नळाला पाणी नाही. सकाळी टँकरजवळ हंडा घेऊन उभा होतो. शेजारच्या काकूंनी विचारलं, "भाऊ, ते पाऊस पाडणारं विमान तुमचंच ना?"

"हो."

"मग तुम्हीच टँकरला उभे, तर आम्ही कुणाकडं बघावं?"

सगळी रांग हसली. मला काही हसू आलं नाही.

*

शेवटी आमचे चीफ इंजिनियर देशमुख साहेब म्हणाले, "रोग वर होतोय ना? मग डॉक्टरनं पण वर जावं!" वर जातोय म्हणून मी बायकोला फोन केला. ती म्हणाली, "खालून दिसत नाय का तो दिवा?"

हवा स्वच्छ होती. कॅप्टन जोशी मॅडमनी विमानतळाच्या आसपासच विमान चढवलं आणि दिवा पेटला. मी इंजिनाच्या आवाजाकडं कान लावला.

"इंजिन बंद नाही पडणार," मॅडम म्हणाल्या, "पण बॅटरी संपली तर रेडिओ गेला." त्यांनी विमान सरळ केलं. दिवा विझला!

"मॅडम, परत चढवा."

परत पेटला.

"आणखी एकदा."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना! म्हणून तर एकदाच म्हणालो."

*

म्हणजे चढतानाच काहीतरी ताणलं जात होतं. चढताना इंजिन पूर्ण जोर लावतं आणि खालच्या रबरांवर जरासं कलतं. शेखभाईंनी कव्हर काढून इंजिन दोन्ही हातांनी हलवलं. मी मीटरवर नजर ठेवून बसलो. काटा पडला!

अल्टरनेटरकडं जाणारी एक बारीक वायर. वरचं आवरण शाबूत, आतली तार तुटलेली. टोकं नुसती एकमेकांना टेकून होती. देशमुख साहेब ती न्याहाळत म्हणाले, "आतून तुटलेलं बाहेरून कुठं कळतं..."

"साहब, शायरी बाद में! पहले नया वायर!"

*

नवी वायर मी जोडली. चाचणीच्या उड्डाणात दिवा पेटला नाही. तरी दुसऱ्या दिवशी पाचोडकडं ढग दाटले आणि मॅडम निघाल्या, तेव्हा मी फोन हातात घेऊनच बसलो.

माझे मामा पाचोडचे, मेंढरं राखतात. गेल्या हंगामात चाऱ्यासाठी पार नदीपलीकडं गेले होते. दुपारी माळावरून त्यांचाच फोन आला.

"भाच्या, आलं रं तुझं इमान! लई खाली हाय. ढगाकडं चाललंय."

"मग?"

"आत गेलं."

"दिसतंय का?"

"नाय."

फोनमध्ये नुसता वारा, मेंढरांचं ओरडणं.

"मामा?"

"थांब ना रं! बघतोय."

परत वारा. शेखभाई माझ्या तोंडाकडं बघत उभे होते. मग एकदम मामा ओरडले, "आलं! आलं!"

"पाऊस?"

"पाऊस पडू नायतर राहू! तुझं इमान आलं बाहेर!"