फॅमिली रूमची टीप

जामखेडच्या पुढे एका खेड्यातल्या उपकेंद्रावर मी नर्स होते. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं. सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. महिन्यातून एकदा नगरला मीटिंग असायची. पहाटेची एसटी धरायची, धक्के खात नगर गाठायचं, दोन वाजेपर्यंत साहेबांचं ऐकायचं आणि परतीच्या गाडीआधी कुठंतरी जेवून घ्यायचं. एकट्या बाईनं बसून जेवावं अशी हॉटेलं तेव्हा फार नव्हती. स्टँडजवळच्या एका हॉटेलात मागच्या बाजूला 'फॅमिली रूम' होती. फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडचे तीन कप्पे आणि प्रत्येकाला एक मळका पडदा. पण आत बसलं की कुणी बघत नसे, म्हणून मी तिथं गेले.

तिथला वेटर चाळिशीचा होता. चापून बसवलेले केस, कानावर पेन्सिल. त्यानं पडदा बाजूला करून आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागं.

"अजून कोण येनार हाय?"

"कोणी नाही. एक राईस प्लेट द्या."

तो गेला तो गेलाच. शेजारच्या कप्प्यात माझ्यानंतर नवरा-बायको आले, जेवले, उठलेसुद्धा. मी दोनदा हाक मारली. अर्ध्या तासानं त्यानं ताट आणून आपटलं. पुऱ्या चामड्यासारख्या, भाजीवर साय धरलेली, आणि आमटीची वाटी अशी काही ठेवली की निम्मी माझ्या पांढऱ्या साडीवर आली. ती साडी म्हणजे माझा गणवेश. मी म्हटलं, "अहो, जरा बघून." तो म्हणाला, "बाई, फॅमिली रूम फॅमिलीसाठी असती," आणि फडकंसुद्धा न देता निघून गेला.

एवढ्यावर कदाचित मी विसरूनही गेले असते. पण प्लायवूड पातळ होतं. पलीकडे तो दुसऱ्या वेटरला सांगत होता, "बाया टीप ठेवत न्हाईत. संगं बाप्या असला तर त्यो ठेवतो. हिच्यामागं कशाला पळायचं?"

बिलाच्या बशीत मी दहा पैसे ठेवले होते. ते उचलून पर्समध्ये टाकले आणि बाहेर पडले.

गाडीत बसल्यावर मात्र चैन पडेना. साडीवरचा पिवळा डाग पदरानं झाकून बसले होते आणि मनात एकच घोळत होतं. टीप ठेवली नाही म्हणून त्याला शिक्षा काय झाली? काहीच नाही. उलट त्याचंच म्हणणं खरं ठरलं. पाच पैसे ठेवले असते, तर हसत खिशात टाकले असते. वाईट वाढणाऱ्याला किती टीप द्यावी, याचा मी जामखेडपर्यंत विचार केला आणि शेवटी ठरवलं, एक रुपया. अख्खी राईस प्लेट तेव्हा दीड रुपयाला होती.

पुढच्या महिन्यात मी त्याच कप्प्यात जाऊन बसले. त्यानं तसंच रखडवलं, तसंच गार वाढलं. बिल आल्यावर मी पैसे दिले आणि बशीत एक रुपयाची कोरी नोट वेगळी ठेवली. त्याचा चेहरा एकदम बदलला. तो बशीकडे हात नेणार तेवढ्यात मी नोट उचलली.

"ही तुमची नाही," मी म्हटलं.

तशीच उठले आणि भटारखान्यातून सरळ मागच्या मोरीवर गेले. तिथं एक पन्नाशीची बाई राखेनं ताटं घाशीत बसली होती. चार वेटर आणि आचारी बघत होते. तिच्या ओल्या हातात मी नोट दिली.

"ह्यो कशाचा, बाई?" ती बावरून म्हणाली.

"बक्षीस, मावशी. तुमच्या हॉटेलात फक्त ताट स्वच्छ होतं."

कुणीतरी मोठ्यानं हसलं. ते हसू ऐकत मी स्टँडवर गेले. त्या दिवशी गाडीत मला गाढ झोप लागली.

तिसऱ्या महिन्यात पुरी फुगलेली आली. चौथ्या महिन्यात मी न मागता त्यानं पंखा लावला, टेबल दोनदा पुसलं, लोणचं विचारलं. मी पोटभर जेवले आणि दोन्ही वेळा रुपया मोरीवर नेऊन दिला. मी दारात दिसले की बाकीचे वेटर त्याला म्हणत, "आली बघ तुझी रुपयावाली." त्याचे कान लाल होत. खोटं कशाला सांगू, ते बघायला मी मीटिंगची वाट बघायला लागले होते.

पाचव्या महिन्यात मी मोरीवरून परत आले, तर तो माझ्या वाटेत उभा राहिला.

"बाई, आता तरी काय कमी हाय?"

"काही नाही. आज सगळं चांगलं होतं."

"मग?"

"बाया टीप ठेवत नाहीत, असं तुम्हीच म्हणाला होता ना? ह्याच पडद्याच्या पलीकडे."

तो म्हणाला, "बोलतो मानूस. एवढं धरून बसायचं असतं का?"

"मी धरते," मी म्हटलं आणि निघाले.

सहाव्या महिन्यात मी मोरीवर गेले, तर मावशीनं हात मागं घेतला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "नका देऊ, बाई. तुमी गेल्यावर त्यो काढून घेतो. म्हनतो, टीप वेटरची असती. पयला तेवढा लपवला म्हनून ऱ्हायला."

मी चार महिने जिची चव घेत होते ती शिक्षा म्हणजे त्याची कमाई होती. पंखा आणि लोणचं कशासाठी होतं, ते आता कळलं. मी येत राहावं म्हणून. मी गेल्यावर तो मला हसत असणार.

मी मावशीचं मनगट धरलं. ती "नगं, बाई, नगं" म्हणत होती, पण आली. पुढच्या हॉलमध्ये गल्ल्यावर मालक बसले होते. दुपारची गर्दी होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "शेठ, तुमचा वेटर भांडीवालीचे पैसे लुबाडतो."

मालकांनी मावशीला विचारलं, "खरं का?" ती पदर नीट करून म्हणाली, "तीन रुपये घेतलेत."

मालकांनी त्याला बोलावलं. तो म्हणाला, "गंमत केली, शेठ." मालक म्हणाले, "आता ह्यांना परत द्यायची गंमत कर." त्यानं खिसा चाचपला. दोनच रुपये निघाले. तिसरा त्याला 'रुपयावाली' म्हणून चिडवणाऱ्या वेटरकडून उसना मागावा लागला. तिन्ही रुपये मावशीच्या हातात पडेपर्यंत मी तिथून हलले नाही. मालकांनी त्याला फॅमिली रूमवरून काढून बाहेरच्या चहाच्या टेबलांवर लावलं. तिथं कोण टीप ठेवणार?

मावशीची काळजी वाटत होती, म्हणून पुढच्या खेपेला आधी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "दोघं-तिघं बोलत न्हाईत. न बोलंनात. ताटं तर मीच घासती."

वर्षभरानं माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. शेवटच्या मीटिंगच्या दिवशी फॅमिली रूमच्या नव्या वेटरला मी चार आणे दिले. त्यानं साधंच, पण वेळेवर वाढलं होतं. बाहेर आले तर तो जुना वेटर हातात चहाचे कप घेऊन उभा होता.

"बदली झाली म्हनं."

"हो."

तो थांबला. मी काहीतरी बोलावं असं त्याला वाटत असावं. झालं गेलं विसरा, असं काहीतरी. मी घड्याळ बघितलं आणि रस्ता ओलांडला.

एवढं ताणायला नको होतं, असं माझे यजमान अजून म्हणतात. दोन शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? काही बिघडलं नसतं. पण मला बोलायचं नव्हतं.